मुंबई–लंडन : अंतर एकच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का?

प्रश्न : विश्रामबागकर, सांगली
माझी मुलगी सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठी लंडनला जाणार आहे. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मात्र वेळापत्रकात जाताना दहा तास आणि येताना नऊ तास दाखवले आहेत. शिवाय तिकिटानुसार विमान दुपारी १ वाजता सुटून सायंकाळी ६.३० ला पोहोचते, म्हणजे साडेपाचच तास होतात. हा हिशेब कोणी समजावून सांगेल का? सांगलीहून कधी निघावे, हेही कळावे.

उत्तर : कृष्णाकाठ, मिरज
फरक वाऱ्यामुळे पडतो. साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवर, उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान झोत वाहत असतो आणि लंडनच्या वाटेचा मोठा भाग याच पट्ट्यातून जातो. पावसाळ्यात आपल्या दक्षिण भारतावर त्या उंचीवरचे वारे पूर्वेकडून वाहतात हे खरे, पण विमान तो भाग लवकर ओलांडते. उदाहरणादाखल, विमानाचा हवेतील वेग ताशी ८८० किलोमीटर आणि वारा सरासरी ६० किलोमीटर धरा. जाताना वारा समोरून येत असल्याने जमिनीच्या हिशेबाने वेग ८२० उरतो आणि ७,२०० किलोमीटरला ८ तास ४७ मिनिटे लागतात. येताना तोच वारा पाठीशी असल्याने वेग ९४० होतो आणि ७ तास ४० मिनिटे पुरतात. हिवाळ्यात हा झोत अधिक जोरकस असतो, त्यामुळे तफावत वाढते.

वेळापत्रकातले तास याहून जास्त दिसतात, कारण विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. दुसरे असे की, ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर आहे. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केल्यावर त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

उत्तर : गणेशदुर्ग
साडेपाच तासांचे उत्तर सोपे आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. सप्टेंबरमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून ५.३० मध्ये ४.३० मिळवले की बरोबर दहा तास होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. घरी फोन करण्याची वेळ ठरवताना मुलीने हे ध्यानात ठेवावे.

उत्तर : अजिंक्यतारा, सातारा
आपल्या भागातील माणसाने खरी काळजी घ्यायची ती रस्त्याची. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, पुणे या मार्गाने मुंबई साधारण पावणेचारशे किलोमीटर आहे आणि एरवी आठ तास पुरतात. परंतु महामार्गाच्या सहापदरीकरणाचे टप्पे, खंबाटकी घाट आणि गणेशोत्सवातील गर्दी यांचा भरवसा धरता येत नाही. विमानतळावर सकाळी १० ला पोहोचायचे, म्हणजे मध्यरात्रीपूर्वीच निघावे लागेल. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सांगलीहून सुटून सकाळी मुंबईत पोहोचते, पण तिला उशीर झाल्यास हाताशी फारसा वेळ उरणार नाही. सामानही बरेच असेल, तेव्हा आदल्या दिवशी सकाळी निघून मुंबईत मुक्काम करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.