८८ वर्षांची आजी सिडकोत, मी पुण्यात: पोस्टल मतदान कुणाला मिळतं?

सिडकोकर
नमस्कार मंडळी, जरा नीट माहिती हवीये. मी मूळ नाशिकच्या सिडकोचा, तीन वर्षं झाली वाकडला राहतो, नाव अजून नाशिक पश्चिमच्याच यादीत आहे. २०२४ च्या विधानसभेला, म्हणजे २० नोव्हेंबरला, यायचं पक्कं ठरलं होतं पण ऐनवेळी कामामुळं निघताच आलं नाही आणि मत बुडालं, ते अजून मनाला लागून राहिलंय. मला पुण्यातूनच पोस्टलने मत पाठवता येईल का?

दुसरं म्हणजे आजी. ८८ चालू आहे, मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला, तेव्हापासून ती पलंगावरच आहे. तिने एकही मतदान चुकवलेलं नाही. लोकसभेला, २० मे २०२४ ला, त्या उन्हात मी आणि काकांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शाळेच्या पायऱ्या चढवल्या होत्या. आता ते शक्यच नाही, पण तिचं रोज चालूच असतं, "माझं कार्ड कुठंय, जपून ठेवलंस ना." घरी येऊन मत घेतात म्हणे, ते खरंय का? कुठं अर्ज करायचा?

आणि बायकोचं नाव अजून जळगावला माहेरच्या यादीत आहे, तिचं काय करू?

पंचवटीची बाई
दादा, मी शाळेत शिकवते, इलेक्शन ड्युटी बऱ्याच वेळा केलीये, म्हणून माहितीये तेवढं सांगते. मी सांगतेय ते लोकसभा-विधानसभेचं.

आधी आजींचं. घरून मतदान खरंच आहे. आधी ८० च्या पुढे होतं, मार्च २०२४ पासून ८५ केलंय. शिवाय ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर वयाची अट नाही. फॉर्म १२ डी भरायचा, बीएलओ (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी) घरी आणून देतात आणि भरलेला घेऊनही जातात. पण सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात, निवडणुकीची अधिसूचना निघाली की त्यानंतर फक्त पाच दिवसांत तो फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. विधानसभेला अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे प्रचाराचे भोंगे सुरू व्हायच्या आधीच मुदत संपलेली. तुमच्या आजी लोकसभेलाही यात बसत होत्या हो, कुणी वेळेवर सांगितलं असतं तर ती खुर्ची उचलावी लागली नसती, वाचून वाईट वाटलं.

आणि आजच एक काम करा, यादीत आजींचं वय किती लागलंय ते बघा. जुन्या लोकांची वयं अंदाजाने लिहिलेली असतात. यादीत ८५ च्या खाली असेल तर अर्ज अडकतो, आत्ताच फॉर्म ८ भरून दुरुस्ती करून घ्या.

मंजूर झालं की टीम यायचा दिवस आधी कळवतात. दोन मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला असे येतात, उमेदवारांचे प्रतिनिधीही येऊ शकतात. व्हिडिओ असला तरी मत कुणाला दिलं ते दिसत नाही, पलंगाजवळ आडोसा लावतात. मशीन नसतं, कागदाची मतपत्रिका असते, पेनाने खूण करायची, ती छोट्या पाकिटात घालून बंद करायची, मग ते पाकीट आणि सही केलेलं घोषणापत्र मोठ्या पाकिटात. पहिल्यांदा घरी सापडल्या नाहीत तर अजून एकदाच येतात, म्हणून त्या दिवशी डॉक्टरकडे वगैरे नेऊ नका. आणि एकदा १२ डी मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमचं मात्र नाही होणार. नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहणाऱ्यांना पोस्टल नाहीये. आम्हा ड्युटीवाल्यांना आहे, पण तेही आता सुविधा केंद्रावर, म्हणजे ड्युटीवाल्यांना मत द्यायला ठेवलेल्या केंद्रावर, जाऊनच द्यावं लागतं.

देवळाली कॅम्प
बाईंनी बरोबर सांगितलं. फौजेतल्यांचं वेगळं असतं, कुणाच्या घरी असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितो. मी तोफखान्यात होतो. पूर्वी मतपत्रिका टपालाने युनिटला यायची, कधी वेळेत कधी नाही. आता मतपत्रिका ऑनलाइन येते, तिकडंच प्रिंट काढायची, खूण करायची आणि टपालाने परत पाठवायची, मोजणीच्या दिवशी सकाळी ८ च्या आत पोचली पाहिजे. सोबत राहणाऱ्या बायकोचंही नाव सर्व्हिस व्होटरमध्ये, म्हणजे फौजेतल्यांच्या वेगळ्या यादीत, लागतं. रिटायर झाल्यावर ते नाव आपोआप गावच्या यादीत येत नाही, नवीन फॉर्म ६ भरावा लागतो. माझ्याबरोबरच्या दोघांना हे मतदानाच्या दिवशी केंद्रावर कळलं, फार वाईट वाटलं त्यांना.

गंगापूर रोड
सिडकोकर, वाकडला कायम राहताय तर नाव तिकडं चिंचवड मतदारसंघात हलवा, फॉर्म ८. नवीन फॉर्म ६ भरू नका, फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांसाठी. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. वहिनींचंही तेच, फॉर्म ८ मध्ये जळगावच्या कार्डाचा नंबर टाकायचा. पत्त्याला रजिस्टर्ड भाडेकरार चालतो, लाइट बिल घरमालकाच्या नावाचं असतं म्हणून अडून बसू नका. बँक पासबुकावर नवा पत्ता करून घेतला तरी चालतं. नंतर बीएलओ बघायला येतात तेव्हा सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, बऱ्याच जणांचे अर्ज "पत्त्यावर आढळले नाहीत" म्हणून जातात. आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत काहीच बदल होत नाही, साधारण दहा दिवस आधी तरी अर्ज गेला पाहिजे. अडलं तर मतदार हेल्पलाइनला, १९५० ला, फोन करा.

सिडकोकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुम्ही सांगितलं म्हणून लगेच यादी बघितली, आजीचं वय ८३ लागलंय! काल रात्रीच दुरुस्तीचा फॉर्म ८ भरला, आधार जोडलं. एक राहिलं, पडल्यापासून तिचा उजवा हात थरथरतो, सही होत नाही, पेन धरता येईल का तेही सांगता येत नाही.

पंचवटीची बाई
अंगठा चालतो दादा, अधिकारी तिथंच साक्षांकित करतात. आणि स्वतः खूण करता येत नसेल तर घरातलं कुणीतरी सज्ञान माणूस मदतीला घेता येतं. फक्त कुणाला घ्यायचं ते आजींना स्वतःला ठरवू द्या, आणि मदत करणाऱ्याने त्या सांगतील तिथंच खूण करायची.

सिडकोकर
विचारलं तिला. म्हणाली तुझ्या आईला बसव जवळ. आणि आधी सगळ्या उमेदवारांची नावं मला वाचून दाखवायची, एकही गाळायचं नाही.