टनेलचं एफईएम-बीईएम कपलिंग: सगळा मेश वर सरकतोय

पेठेतली_मेश
नमस्कार. एम.टेक.च्या प्रोजेक्टला मंडईखालच्या मेट्रोसारखा, 6 मीटर व्यासाचा एकच टनेल प्लेन स्ट्रेनमध्ये (म्हणजे द्विमितीत, फक्त आडवा छेद घेऊन) करतेय. बेसाल्टचा ई (लवचिकता गुणांक) 10 गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर 0.25 धरलंय. नुसत्या एफईएममध्ये (फायनाइट एलिमेंट, सगळ्या खडकाचे छोटे तुकडे करून) मेशचा तळ जेवढा खोल नेते, तेवढा टनेल जास्त वर उचलला जातो. ती खालची सीमाच नको, म्हणून लायनिंग आणि भोवतीचा खडक एफईएमने, बाहेरचा अनंत खडक बीईएमने (बाउंडरी एलिमेंट, मेश फक्त सीमेवर) घेतला. केल्विनचं सोल्युशन (अनंत माध्यमात एका बिंदूवरच्या जोराने होणारं विस्थापन) वापरलंय, जमिनीचा पृष्ठभाग अजून घेतलेला नाही. स्ट्रेस छान जुळतात. पण वर सरकणं आहेच, शिवाय बीईएमकडून येणारी स्टिफनेस मॅट्रिक्स सिमेट्रिक नाही, त्यामुळे चोलेस्की (सिमेट्रिक, पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्ससाठीचा सॉल्व्हर) वापरता येत नाही. चूक कुठे शोधू?

कोथरूड_ॲनालिसिस
कपलिंगला हात लावू नका, ते बरोबर दिसतंय. आधी एवढं करा: सगळी मापं मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये द्या, बाकीची युनिट्सही त्याप्रमाणे बदला आणि परत रन करा. स्ट्रेस तेच येतील. उभं विस्थापन मात्र प्रत्येक नोडवर अगदी सारखंच कमी होईल, तुमच्या आकड्यांवर साधारण 0.14 मिलिमीटरने.

कारण असं. खणून काढलेल्या खडकाचं वजन गेलं की तेवढाच निव्वळ जोर वर लागतो. 6 मीटर व्यासाला, घनमीटरला 27 किलोन्यूटन धरून, दर मीटर लांबीमागे सुमारे 760 किलोन्यूटन (लायनिंगचं वजन यातून वजा करा). द्विमितीत केल्विनच्या सोल्युशनमध्ये अंतराचा लॉगॅरिदम येतो. तो दूर जाताना शून्याकडे जातच नाही, म्हणून विस्थापन मोजायला शून्य कुठे धरायचं हेच ठरत नाही; अंतराचं युनिट बदललं की तो शून्यच सरकतो. निव्वळ जोर शून्य असता तर हा प्रश्न आलाच नसता. एफईएममध्ये तुमचा तळ खोल नेताना दिसत होता तोही हाच लॉगॅरिदम. बीईएमने सीमा गेली, तो राहिला. त्रिमितीत विस्थापन अंतराच्या व्यस्त प्रमाणात विरतं, तिथे ही अडचण नाही.

खडकवासला_सॉल्व्हर
मॅट्रिक्सबद्दल. कोलोकेशनने (समीकरणं फक्त नोडवर पाळून) केलेल्या बीईएमची मॅट्रिक्स अशी असिमेट्रिकच येणार. ती आणि तिची ट्रान्सपोज यांची सरासरी काढून चोलेस्कीला देतात, ते मला पटत नाही; कोपऱ्यांजवळ ट्रॅक्शन (सीमेवर लागणारा ताण) बिघडू शकतं. कोस्टाबेल यांची 1987 ची सिमेट्रिक मांडणी सुंदर आहे, पण तिच्यात हायपरसिंग्युलर (काढायला अवघड) इंटिग्रल येतात, आणि मॅट्रिक्स सिमेट्रिक झाली तरी पॉझिटिव्ह डेफिनिट नसते, म्हणजे चोलेस्की तिथेही नाहीच. इंटरफेसवर 200 नोड असले तर फुल ब्लॉक 400 बाय 400 चा, दीड एमबीसुद्धा नाही. सरळ एलयू (सिमेट्री न लागणारा सॉल्व्हर) वापरा.

पेठेतली_मेश
दोघांचेही आभार. युनिट बदलून पाहिलं, सगळे नोड सारखेच हलले. पण गाईड सरांना टनेल किती वर येतो त्याचा आकडा हवाय. काय देऊ?

कोथरूड_ॲनालिसिस
या मॉडेलमधून तो एकटा आकडा देऊच नका. टनेलचा माथा आणि तळ यांच्या विस्थापनातला फरक द्या, त्याला या सरकण्याचा स्पर्श होत नाही. पुढे पृष्ठभागही घ्या: तोही बीईएममध्ये मेश करा, किंवा केल्विनऐवजी मेलानचं अर्ध-प्रतलाचं सोल्युशन (ज्यात पृष्ठभाग आधीच धरलेला असतो) वापरा. लॉगॅरिदम तिथेही राहील. पण पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला तडा जातो तो पायाची दोन टोकं कमीजास्त खचल्यामुळे, आणि तो फरक हे मॉडेल देऊ शकतं. सरांना तोच काढून दाखवा.