पडल्यानंतर पुन्हा कॅंटर

ताई, दुडकीपर्यंत सगळं ठीक, पण कॅंटर (दुडकीहून वेगवान चाल) सुरू झाला की हात आवळले जातात आणि घोडी मान झटकते, असं तुम्ही लिहिलंय. पडल्यानंतर वर्षभर माझंही अगदी हेच होत होतं, तेव्हा मी 43 वर्षांची होते. वर कुणीतरी 'लगाम घट्ट धरा' म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. लगाम आवळला की सगळा ताण तिच्या तोंडावर येतो, मग ती मान झटकणारच.

मला उपयोग झाला तो लाँजवर बसण्याचा. लांब दोर सरांच्या हातात, घोडी गोल फिरतेय, मी लगामाशिवाय, पाय रिकिबीबाहेर, आणि पावलं मोठ्याने मोजायची. मोजताना श्वास रोखून धरताच येत नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी खांदे सैल सोडले आणि घोडीने नाकातून लांब फुर्र केलं, मान खाली सोडली. एक कान माझ्याकडे वळलेला! मला रडूच आलं.

पायांच्या जोराशिवायही स्वारी जमते: डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्यांखाली पाय लुळे पडले. घोडीवर बसवायलाही मदत लागायची. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली या घोडीवर त्यांनी ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याच्या स्पर्धेचं) रौप्यपदक मिळवलं, पाठीच्या आणि वजनाच्या इशाऱ्यांवर.

सध्या कॅंटर आठ-दहा ढांगांचाच ठेवा, ती बिथरायच्या आत परत दुडकीवर आणा. आणि डावीकडे वळताना जास्त झटकते की उजवीकडे, ते नक्की कळवा.