मदत हवी आहे: मॉरिशसमध्ये गाडी स्वतः चालवावी का?

नमस्कार मंडळी, यंदा गणपतीत आई-बाबांना घेऊन मॉरिशसला जातोय. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आँ फ्लाकला. जवळच्या कास्काव्हेलमध्ये मराठी मंडळी आहेत, तिथला गणपती बघायचाच असा आईचा हट्ट. (बाबांना फक्त समुद्र.)

तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणून भाड्याने गाडी घ्यायचं म्हणतोय. धास्ती आहे ती गावांतल्या रस्त्यांची. अरुंद, फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्यात तो ऊसतोडणीचा हंगाम, ट्रकही असणार. आणि शामारेल या डोंगरातल्या गावाचा घाट?

बाबांचा गुडघा दुखतो, त्यामुळे बसची चढउतार नकोच. पोर्ट लुईहून क्यूरपीपपर्यंत मेट्रो आहे, पण आमच्या किनाऱ्याला तिचा उपयोग नाही.

तर, शामारेल आणि गंगा तलाव (तिथलं हिंदूंचं तीर्थक्षेत्र) एका दिवसात आरामात होतात का? सोमवारच्या माहेबूर्ग बाजारासाठी आग्नेय टोकापर्यंत जाण्यात अर्थ आहे का? चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी ड्रायव्हर मिळतो का, की आधीच सांगून ठेवावं लागतं?

स्वतः गाडी चालवलेल्यांनी जरूर सांगा. पॅकेजवाल्यांनी कृपया मेसेज करू नयेत.