उधाण, भांग आणि आमची मानस

एक प्रश्न नेहमी पडतो, पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या जवळपास १८० पट, मग भरती चंद्राची का म्हणायची? कारण भरती नुसत्या ओढीने येत नाही. पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीत जो फरक पडतो, त्याने येते. हा फरक अंतराच्या घनानुसार घटतो, म्हणून लांबच्या सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत आले की उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत लहान.

आमच्या गोव्यात हे बघायचं तर खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या, बांधावर या. बांधात मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच झडपा धाडकन मिटतात, खारं पाणी शेताबाहेर. ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून वाहतं. तोंडाशी जाळं लावलेलं असतं, कोळंबी आपसूक अडकते (उधाणाला जरा जास्तच!). भरती-ओहोटीची वेळ मात्र रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे जाळंवाल्याचं घड्याळाशी जमत नाही, तो आधी तिथी विचारतो.