थायमसमध्ये टी पेशीला पास-नापास कोण करतं? (मदत हवी आहे)

अबोली_साखळी

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, येत्या बुधवारी सेमिनार. विषय थायमस, म्हणजे आपल्या पुस्तकातली यौवनलोपी ग्रंथी, जिथं प्रतिकारशक्तीच्या टी पेशी घडतात. माझी चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं इंग्रजी. तरी अजून एखादी गोष्ट मराठीत सांगता आली तरच ती कळली असं वाटतं, म्हणून इथं विचारते.

कळलंय ते आधी लिहिते, चुकलं तर कान पकडा. अस्थिमज्जेतून आलेली पेशी टी पेशीच होणार हे तेव्हा ठरलेलं नसतं. तिच्या अंगावर नॉच-१ हे प्रथिन असतं. थायमसच्या अस्तरपेशींवरचं डेल्टा-लाइक-४ त्याला भिडलं की तिची वाट ठरते. उंदरांत नॉच-१ काढून टाकलं तर त्याच थायमसमध्ये चक्क बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या) तयार होतात! या काळात इंटरल्युकिन-७ पेशींना जगवून ठेवतं. मग पेशी आपला रिसेप्टर (टीसीआर) जुळवते, सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही खूणप्रथिनं अंगावर चढवते आणि परीक्षेला बसते.

अडलंय ते इथं. समोरच्या पेशीनं दाखवलेला आपल्याच शरीरातल्या प्रथिनाचा तुकडा अजिबात पकडता आला नाही, तर ती तीन-चार दिवसांत मरते. हलका पकडला तर जगते. घट्ट पकडला तर पुन्हा मरतेच. रिसेप्टर तोच, आत निरोप पोचवणारी एलसीके आणि झॅप-७० ही प्रथिनंही तीच. मग एकीला जीवदान आणि दुसरीला मरण कसं?

मी उपमा काढली होती ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची. आई मानकुराद आंबा दाबून बघते. दगडासारखा लागला तर नको, बोट रुतलं तरी नको. सर हसले. "छान आहे, पण चुकीची आहे. कुठं ते शोध," एवढंच म्हणाले. दोन दिवस शोधतेय.

शिवाय एक छोटी शंका. इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात. मग त्याच्यावर उठणारी पेशी थायमसमध्ये कशी सापडते?

चोडणकार

चूक आंब्यात नाही, आईत आहे :) आंबा स्वतः काही करत नाही, निवडते आई. थायमसमध्ये असं वरून निवडणारं कोणी नाही. पेशी स्वतःच मोजते आणि स्वतःच मरते.

मोजते काय? बराचसा वेळ. हलकी पकड म्हणजे तुकडा लगेच सुटतो, घट्ट पकड म्हणजे तो रेंगाळतो. टीसीआरच्या शेपट्यांवर एकूण १० जागा असतात. एलसीके त्यांवर फॉस्फेट चढवते, मग झॅप-७० तिथं बसते, मग ती लॅट या प्रथिनाला फॉस्फेट लावते. प्रत्येक पायरीला वेळ लागतो.

आमची रायबंदर-चोडण फेरीबोट डोळ्यांपुढं आण. धक्क्याला ती जितका वेळ उभी, तितक्या गाड्या चढणार. फरक एवढाच, की इथं बोट मध्येच सुटली तर चढलेल्या गाड्याही परत उतरतात! म्हणून थोडा वेळ टिकलेली पकड पुढं अगदी क्षीण निरोप देते.

आता मुख्य गोष्ट. हलक्या पकडीत ईआरके हे प्रथिन मंदपणे पण बराच वेळ चालू राहतं. घट्ट पकडीत ते एकदम भडकतं आणि लवकर विझतं. शिवाय बिमसारखी मारक प्रथिनं वाढतात आणि पेशी आत्मनाश करते. म्हणजे निरोप 'तोच' नाहीच. शब्द तेच, चाल वेगळी.

डॉ_निवृत्त_मडगाव

इन्सुलिनचं मी सांगतो. हलक्या पकडीवर पास झालेली पेशी सीसीआर७ हा रिसेप्टर अंगावर आणते आणि त्याच्या ओढीनं थायमसच्या बाहेरच्या थरातून आतल्या गाभ्यात जाते. तिथल्या अस्तरपेशींत एअर नावाचं प्रथिन आहे. ते इन्सुलिनसारखी परगावची प्रथिनं थोडी थोडी तिथंच तयार करवतं, जणू शरीराचा नमुना-बाजार. एअरचा जनुक जन्मतःच बिघडलेला असेल तर लहानपणीच एकामागून एक ग्रंथींवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते.

आणि बाई, 'घट्ट म्हणजे मरण' असं सरसकट लिहू नका. त्यातल्या काही पेशी फॉक्सपी३ हा जनुक चालू करून नियामक टी पेशी, म्हणजे इतर पेशींना आवरणाऱ्या, होतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रन्कॉव, राम्सडेल आणि साकागुची यांना याच पेशींच्या कामाबद्दल मिळालं. परीक्षक हे विचारणारच.

अबोली_साखळी

देव बरें करूं, दोघांनाही! आंबा काढला, फेरीबोट घेतली.

पण आता नवंच खटकतंय. पास झालेली पेशी सीडी४ किंवा सीडी८ यांपैकी एकच ठेवते. झॅप-७० जन्मतः नसलेल्या मुलांच्या रक्तात सीडी८ पेशी जवळजवळ नसतात, सीडी४ मात्र असतात. झॅप-७० शिवाय निरोप पुढं जात नाही, तर सीडी४ तरी पास कशा झाल्या?

चोडणकार

तिचं एक भावंड आहे, सिक. माणसाच्या थायमसमध्ये ते काही प्रमाणात तिची जागा घेतं, तेवढ्यावर सीडी४ निभावून जातात. पण रक्तात आल्यावर सिक कमी होतं, म्हणून त्या पेशी दिसतात खऱ्या, काम करत नाहीत. ही स्लाइड शेवटी ठेव, आधी दाखवलीस तर प्रश्नांतच वेळ जाईल.