मदत हवी आहे: बोर्डावर वाय-फायचे मॉड्यूल चढत नाही

कातळकर (धागाकर्ता)
नमस्कार. बागेतल्या पंपघरात मी एक छोटा लिनक्स बोर्ड बसवला असून, त्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्र घरी दिसावे म्हणून बाहेरच्या अँटेनाचा यूएसबी वाय-फाय डोंगल घेतला आहे. त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) चढवायचा ड्रायव्हर, मित्राने स्वतःच्या बोर्डावर तयार करून पाठवले. त्याच्याकडे ते बिनतक्रार चालते. माझ्याकडे इन्समॉड (मॉड्यूल चढवण्याची आज्ञा) केल्यावर ‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ एवढेच उत्तर येते. हापूसची काढणी सुरू झाली आहे, वानरांची टोळी रोज सकाळी उतरते आहे आणि हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) धरावा की कीबोर्ड, हे मला कळेनासे झाले आहे. कृपया नेमकी आज्ञा सांगावी. लिनक्स म्हणजे काय, येथून सुरुवात करू नये.

खाडीपलीकडे
आज्ञा सांगण्यापूर्वी चार गोष्टी कळायला हव्यात. बोर्ड कोणता, डोंगलमधली चिप कोणती, ‘यूनेम -आर’ (कर्नलची आवृत्ती सांगणारी आज्ञा) काय दाखवते आणि इन्समॉड फसल्याबरोबर डीमेसेजच्या (कर्नलच्या नोंदवहीच्या) शेवटच्या ओळीत काय उमटते? आपण दिलेला संदेश हा नुसता नकार आहे, त्याचे कारण कर्नल डीमेसेजमध्ये लिहून ठेवते. (आज्ञा येथे देवनागरीत लिहीत असलो तरी बोर्डावर त्या रोमन लिपीतच टंकायच्या आहेत, मागे एका धाग्यावर याचाही खुलासा करावा लागला होता.)

जुना खलाशी
एवढा पंचनामा कशाला? मॉडप्रोबला (मॉड्यूल चढवणाऱ्या दुसऱ्या आज्ञेला) ‘--फोर्स’ जोडावे, म्हणजे ते आवृत्ती तपासत नाही. मी बारा वर्षे असेच करत आलो आहे आणि माझे एकही यंत्र बिघडलेले नाही.

सुरंगी
वानरांसाठी कॅमेऱ्याचा काहीही उपयोग होत नाही, हे अनुभवाने सांगते. वानर कॅमेऱ्याकडे बघत बघतच आंबा खातो. राखण्याला माणूसच ठेवावा लागतो.

कातळकर
सुरंगीताई, राखण्या आहे. तो जेवायला गेला की टोळी उतरते, म्हणून तर हा खटाटोप. खाडीपलीकडे, बोर्ड रास्पबेरी पाय ४ आहे, हे मी लिहिले असावे असे मला वाटले होते. प्रणाली ३२-बिट बुल्सआय (पायच्या प्रणालीची एक आवृत्ती) आहे. एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीत) डोंगलचा क्रमांक ०बीडीए:८८१२ दिसतो. ‘यूनेम -आर’चे उत्तर ६.१.२१-व्ही८+ असे आहे. डीमेसेजमध्ये ‘इन्व्हॅलिड आर्किटेक्चर इन ईएलएफ हेडर: ४०’ अशी ओळ आहे. फोर्स करूनही पाहिले, उत्तर तेच.

खाडीपलीकडे
मित्राचा बोर्ड पाय ३ आहे का?

कातळकर
होय. त्याने काय फरक पडतो? दोन्हीकडे प्रणाली ३२-बिटच आहे.

खाडीपलीकडे
प्रणाली ३२-बिट आहे, पण आपले कर्नल ३२-बिट नाही, आणि सगळी गोम येथेच आहे. मार्च २०२३ च्या सुमारास ६.१ कर्नल आले तेव्हापासून पाय ४ वर, बाकीची प्रणाली ३२-बिट असली तरी, काही न बदलता मूळ मांडणीतच ६४-बिट कर्नल सुरू होते. पाय ३ वर तसे होत नाही. ‘व्ही८’ हे त्या ६४-बिट कर्नलचेच शेपूट आहे. ‘यूनेम -एम’ विचाराल तर एआर्च६४ असे उत्तर येईल आणि ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ विचाराल तर ३२ असे येईल. दोन्ही उत्तरे खरी आहेत. डीमेसेजमधला ४० हा ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्रॅम-फाइलींचा साचा) फाइलीत ३२-बिट आर्म प्रोसेसरसाठी नेमलेला अंक आहे, ६४-बिट आर्मचा अंक १८३. कर्नलने फाइलीचा मथळा वाचला आणि दारातूनच परत पाठवले.

जुना खलाशी यांच्या उपायाविषयी: फोर्समुळे आवृत्तीच्या खुणा बाजूला सारल्या जातात, प्रोसेसरचा प्रकार बदलत नाही, त्यामुळे येथे तो लागू पडूच शकत नाही. जेथे लागू पडतो तेथे तर तो अधिक धोक्याचा आहे, कारण कर्नलच्या आतल्या रचना जुळत नसताना मॉड्यूल आत घुसते आणि बोर्ड केव्हा गोठेल याचा नेम राहत नाही.

जुना खलाशी
माझा बोर्ड कधी गोठला नाही, एवढेच मी सांगितले. बारा वर्षांपूर्वी ही ३२-६४ ची खिचडीही नव्हती.

घाटावरचा
सरळ ६४-बिट प्रणाली नव्याने टाकावी. शिवाय अलीकडच्या कर्नलांत आपल्या ८८१२एयू चिपचा आधार कर्नलमधल्या आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरमध्येच आला आहे, तेव्हा तेवढे नवे कर्नल घेतल्यास बाहेरचे मॉड्यूल लागतच नाही.

खाडीपलीकडे
दीर्घकाळासाठी हे मला मान्य आहे, परंतु ऐन काढणीत चालता कॅमेरा पुसून नवी मांडणी करायला मी कोणालाही सांगणार नाही. आजच्यापुरते /बूट मधल्या कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलीत ‘आर्म_६४बिट=०’ ही ओळ घालून बोर्ड पुन्हा सुरू करावा. मग कर्नल ३२-बिट होईल आणि हेडर्सही (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) त्याच्याशी जुळतील.

कातळकर
ओळ घातली. आता ‘यूनेम -आर’ ६.१.२१-व्ही७एल+ दाखवते. मित्राची फाइल पुन्हा चढवली, तरी तोच नकार! फक्त डीमेसेजमधली ओळ बदलली आहे: व्हर्जन मॅजिक (फाइलीतली आवृत्तीची खूण) ‘६.१.२१-व्ही७+’ असून ते ‘६.१.२१-व्ही७एल+’ असायला हवे, असे काहीतरी. एका ‘एल’साठी अडवणूक?

खाडीपलीकडे
त्या ‘एल’साठीच. व्ही७ हे पाय ३ चे कर्नल आणि व्ही७एल हे पाय ४ चे. दोन्हींची मांडणी वेगळी असते. मित्राची फाइल आता विसरावी आणि मॉड्यूल स्वतःच्या बोर्डावरच तयार करावे. बोर्ड घरी आणून केबलने राउटरला जोडावा, ॲप्टने (पॅकेज बसवण्याच्या आज्ञेने) ‘रास्पबेरीपाय-कर्नल-हेडर्स’ घ्यावे आणि /लिब/मॉड्यूल्स मधल्या आपल्या आवृत्तीच्या फोल्डरात ‘बिल्ड’ हा दुवा आहे ना, ते पाहावे. तो नसेल तर मेक (मॉड्यूल बांधण्याची आज्ञा) पहिल्याच ओळीत थांबेल. ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये बहुधा पीसीचा पर्याय ‘वाय’ असतो. तो ‘एन’ करून ३२-बिट पायचा पर्याय ‘वाय’ करावा. त्यानंतर मेक, मेक इन्स्टॉल, ‘डेपमॉड -ए’ आणि मॉडप्रोब. आपले मॉड्यूल ज्यांवर अवलंबून असते ती मॉड्यूल्स इन्समॉड स्वतः शोधत नाही. मॉडप्रोब ती डेपमॉडने केलेल्या यादीतून शोधते.

घाटावरचा
डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) बसवावे, अन्यथा पुढच्या कर्नल अपडेटला हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

खाडीपलीकडे
या वेळी घाटावरचा यांच्याशी पूर्ण सहमत. मात्र नव्या कर्नलचे हेडर्स हजर असतील तरच डीकेएमएस मॉड्यूल पुन्हा बांधू शकते.

कातळकर
पडवीत बसून केले. मेक चालू असताना मध्येच वीज गेली, म्हणून दुसऱ्यांदा करावे लागले. आता मॉडप्रोब मुकाट्याने परत येते, एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) मॉड्यूल दिसते आणि डब्ल्यूलॅन१ (डोंगलची वाय-फाय जोडणी) घराच्या राउटरला जोडले गेले आहे. फक्त डोंगल जोरात काम करू लागला की डीमेसेजमध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ अशी ओळ येते. बोर्डाला मोबाइलचाच चार्जर लावलेला आहे, हेही मी आधी लिहिले नव्हते.

जुना खलाशी
पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. चार्जर बदलावा, आणि पंपघरात खारा वारा येत असेल तर प्लगची टोके पुसून घ्यावीत. हिरवट झालेल्या टोकांतून व्होल्टेज गळते. येथे फोर्स करून चालणार नाही, हे मीच सांगून ठेवतो.

कातळकर
टोके खरोखरच हिरवी निघाली. चार्जर उद्या रत्नागिरीहून आणतो.